स्टेनलेसचं टनेज दरवर्षी वाढतंय, मग मिल्स का रडतायत?

प्रश्न असा आहे की स्टेनलेस स्टीलचं जागतिक उत्पादन जवळपास दरवर्षी नवा उच्चांक गाठतंय, तरी मिलवाले मार्जिन नाही म्हणून ओरडतात, दर दबलेले राहतात, वरून देशोदेशी आयात ड्युट्या लागतात, हे सगळं एकाच वेळी कसं काय, आणि खरेदी-विक्री करणाऱ्याने यातून काय घ्यायचं. मी आधी मेल्ट शॉपमध्ये (स्टेनलेस वितळवणाऱ्या भट्टीच्या विभागात) आणि नंतर बरीच वर्षं मालाच्या खरेदी-विक्रीत घालवली आहेत त्यामुळे दोन्हीकडून सांगतो. थोडक्यात सांगायचं तर किती बनलं हे बघत बसलात तर फसाल, कुठे वितळवलं आणि कशापासून वितळवलं ते बघा. गेल्या वीस वर्षांत या धंद्यात जे झालंय ते बहुतेक या दोन प्रश्नांभोवतीच फिरतं. आता सविस्तर, वेळ असेल तर वाचा.

आधी आकडे. 2000 साली जगात साधारण 2 कोटी टनांच्या जरा खाली स्टेनलेस वितळत होतं. 2019 मध्ये ते 5 कोटी 20 लाखांच्या पुढे गेलं, 2020 मध्ये कोविडमुळे थोडं घसरलं, 2021 ला उसळलं, 2022 ला परत खाली साडेपाच कोटींवर, 2023 मध्ये 5 कोटी 84 लाख आणि 2024 मध्ये जवळपास 6 कोटी 26 लाख टन. साधं पोलाद वर्षाला 180 कोटी टनांच्या वर बनतं, त्यापुढे हे काहीच नाही, तीनेक टक्के. पण वाढीचा वेग बघितला तर 1980 पासून स्टेनलेसने साधं पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं सगळ्यांना मागे टाकलंय, वर्षाला सरासरी पाच टक्क्यांच्या वर.

आता याच्या आतलं बघा. 2024 च्या 6 कोटी 26 लाखांपैकी चीनचे जवळपास 3 कोटी 94 लाख, म्हणजे तीनपैकी दोन टनांना थोडंच कमी. युरोप 2023 मध्ये सुमारे 59 लाख टनांवर आलेला, अमेरिका सुमारे 18 लाखांवर. दोघांचाही आकडा दहा वर्षांपूर्वीपेक्षा लहान. म्हणजे "जगाचं उत्पादन वाढलं" हे वाक्य खरं असूनही त्याचा अर्थ असा की एका बाजूला प्रचंड वाढलं आणि दुसऱ्या बाजूला आटलं. रडणाऱ्या मिल्स आटलेल्या बाजूच्या असणार असं वाटेल, पण तसंही नाहीये, वाढलेल्या बाजूचे पण रडतायत, त्याकडे येतो.

हे आकडे मेल्ट शॉपचे असतात हे लक्षात ठेवा. म्हणजे भट्टीतून ओतलेला स्लॅब किंवा इंगॉट (धातूचा ठोकळा). त्यातून पुढे ग्राइंडिंग, हॉट रोलिंग (तापवून लाटणं), पिकलिंग (ॲसिडने सफाई), कोल्ड रोलिंग (थंडच लाटणं), कडा कापणं हे सगळं होता होता बराच माल परत स्क्रॅपच्या ढिगात जातो, त्यामुळे शंभर टन वितळवलं म्हणजे शंभर टन शीट निघाली असं धरू नका. दुसरी गंमत म्हणजे इंडोनेशियात वितळवलेला स्लॅब किंवा हॉट रोल्ड कॉइल दुसऱ्या देशात जातो, तिथे कोल्ड रोल होतो आणि तिथून तिसऱ्या देशात विकला जातो. मेल्टच्या तक्त्यात तो इंडोनेशियाच्या नावावर, निर्यातीच्या तक्त्यात मात्र दोनदा, दोन वेगवेगळ्या देशांच्या नावावर. आयात-निर्यातीच्या बेरजा करून "व्यापार वाढला" म्हणणारे रिपोर्ट वाचताना म्हणून जरा हात राखून वाचावं.

आणि खप. खपाचा जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा उत्पादन अधिक आयात वजा निर्यात असा काढलेला असतो. त्यात गोडाऊनमध्ये पडलेला माल धरला जातो पण वापरला गेला की नाही ते कळत नाही. 2021 मध्ये हेच झालं. माल मिळत नव्हता, जहाजांची भाडी गगनाला भिडलेली, म्हणून प्रत्येक स्टॉकिस्टने तीन तीन मिल्सना ऑर्डरी टाकल्या, एक तरी येईल म्हणून. तिन्ही आल्या. कागदावर खप एकदम फुगला, 2022 च्या उत्तरार्धात तोच खप कोसळल्यासारखा दिसला, प्रत्यक्षात शेवटचं गिऱ्हाईक आधी जेवढं वापरत होतं जवळपास तेवढंच नंतरही वापरत होतं. मध्ये फक्त गोडाऊन भरलं आणि रिकामं झालं. शिवाय तयार वस्तूंमधून जाणारं स्टेनलेस वेगळंच. वॉशिंग मशीनचा ड्रम, डिशवॉशर, पंप, हीट एक्सचेंजर यातून कितीतरी स्टेनलेस सीमा ओलांडतं आणि स्टीलच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून दरडोई खपाचे तक्ते बघून "या देशात स्टेनलेस कमी वापरतात" असं पटकन म्हणू नका, कदाचित तो देश तयार मशीनच विकत घेत असेल.

आता मुख्य मुद्दा, निकेल. 304 हा स्टेनलेसचा एक ग्रेड, म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, बाकी लोखंड. एका टनात निकेल फक्त 80 किलो. निकेल 15,000 डॉलर टन असेल तर त्या 80 किलोचे झाले 1,200 डॉलर. निकेल 50,000 झालं तर तेच 80 किलो 4,000 डॉलरचे. लोखंड तेच, भट्टी तीच, कामगार तेच. याला नाकापेक्षा मोती जड म्हणतात. 316 या ग्रेडमध्ये निकेल 10 टक्क्यांच्या पुढे आणि वर 2 टक्क्यांहून जास्त मोलिब्डेनम, म्हणजे तिथे अजून वाईट. म्हणूनच युरोपात मूळ दर वेगळा आणि दर महिन्याला बदलणारा अलॉय सरचार्ज (निकेलसारख्या धातूंच्या दरानुसार वरून लावलेली रक्कम) वेगळा अशी पद्धत पडली, मिलला निकेलचा जुगार खेळायचा नव्हता तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला.

50,000 हा आकडा मी गंमत म्हणून घेतलेला नाही. मे 2007 मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल खरंच 50,000 डॉलरच्या वर होतं. मी तेव्हा खरेदीत होतो आणि एप्रिलमध्ये 316 ची मोठी ऑर्डर टाकली होती कारण सगळे सांगत होते अजून चढणार. माल पोचला ऑगस्टमध्ये, तोपर्यंत निकेल जवळपास निम्म्यावर आलेलं. दीड वर्ष तो माल कापत कापत विकला आणि 2008 च्या शेवटी निकेल 10,000 च्या आसपास असताना शेवटच्या प्लेट्स गेल्या. त्यानंतर "अजून चढणार" हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

पण 2007 चा खरा परिणाम वेगळा झाला. निकेल इतकं महाग झालं की चीनमधल्या लोकांनी जुन्या ब्लास्ट फर्नेसमध्ये हलक्या प्रतीची लॅटेराइट माती टाकून पाहिली, ज्यात निकेल जेमतेम दीड-दोन टक्के असतं. निघालं ते शुद्ध निकेल नाही, निकेल असलेलं कच्चं लोखंड, ज्याला निकेल पिग आयर्न म्हणतात, धंद्यात सगळे एनपीआयच म्हणतात. सुरुवातीला ते गचाळ होतं, निकेल कमी, फॉस्फरस गंधक जास्त, पाश्चात्य मिल्सनी नाकं मुरडली. पण स्टेनलेसला लोखंड पण लागतं आणि निकेल पण, मग दोन्ही वेगळं करून परत एकत्र कशाला करायचं? हा साधा विचार. पुढे रोटरी किल्न आणि इलेक्ट्रिक फर्नेसची जोडी आली आणि 10 ते 12 टक्के निकेलचं बऱ्यापैकी स्वच्छ एनपीआय निघायला लागलं. चीन 2006 मध्येच स्टेनलेस उत्पादनात पहिला आला होता, एनपीआयने त्याला तिथे पक्कं बसवलं. त्याआधी हाच देश स्टेनलेसचा सगळ्यात मोठा आयातदार होता, हे आज सांगितलं तर नवी पोरं विश्वास ठेवत नाहीत.

ही माती येत होती इंडोनेशिया आणि फिलिपाईन्समधून. त्या मातीत तिसरा हिस्सा तर पाणीच असतं. म्हणजे जहाज भरून ओली माती समुद्रापार न्यायची, त्यातलं दोनेक टक्के कामाचं. इंडोनेशियाने जानेवारी 2014 मध्ये कच्च्या खनिजाची निर्यात बंद केली, 2017 मध्ये थोडी सैल केली, आणि जानेवारी 2020 पासून निकेलच्या खनिजावर परत पूर्ण बंदी. आमच्या मातीतून काढायचं असेल तर कारखाना इथे टाका, सरळ हिशोब. चीनच्या त्सिंगशान ग्रुपने सुलावेसी बेटावर मोरोवालीला आणि नंतर हालमाहेरावर वेदा बे इथे अख्खी औद्योगिक शहरं उभी केली, स्वतःचं बंदर, स्वतःचं कोळशाचं वीजघर सगळं. 2017 पासून मोरोवालीत स्टेनलेस वितळायला लागलं. आज जगात खाणीतून निघणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून जास्त एकट्या इंडोनेशियातून येतं.

मेल्ट शॉपवाल्याच्या नजरेने यातली सगळ्यात भारी गोष्ट कुठली सांगू? एनपीआय वितळलेलंच, लॅडलमधून (पातळ धातूच्या मोठ्या बादलीतून) थेट एओडीकडे नेता येतं. एओडी म्हणजे ते भांडं ज्यात आर्गॉन आणि ऑक्सिजन फुंकून कार्बन जाळतात पण क्रोमियम वाचवतात, 1968 पासून कारखान्यात वापरात आहे, आणि त्याच्याआधी कमी कार्बनचं महागडं फेरोक्रोम (क्रोमियम-लोखंडाचा मिश्रधातू) वापरावं लागायचं म्हणून स्टेनलेस इतकं महाग होतं. तर बाकीच्या जगात आम्ही थंड स्क्रॅप आणि थंड निकेल घेऊन इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये वीज जाळून वितळवायचो, आणि मोरोवालीत धातू आधीच पातळ. तो वितळवायचा खर्च तिथे पडतच नाही. खाण शेजारी, वीज स्वतःची, धातू गरम. अशा कारखान्याशी स्क्रॅप विकत घेऊन, बाजारभावाने वीज घेऊन कॉस्टवर भांडायचं म्हणजे अवघडच आहे.

आता वाढलेल्या बाजूचे का रडतात. कारण अशी क्षमता एकाने उभारली तर ठीक, सगळ्यांनी उभारली. कोल्ड रोलिंगच्या लाइनी तर इतक्या लागल्या की वूशी आणि फोशानच्या बाजारात (चीनमधली स्टेनलेसची मुख्य ठोक बाजारपेठ हीच दोन) दर थोडा वर गेला की लगेच भट्ट्या पेटतात आणि दर परत खाली. सप्टेंबर 2019 पासून शांघायला स्टेनलेसचं फ्युचर्स ट्रेडिंग (पुढच्या तारखेचे सौदे) पण सुरू झालंय, त्यामुळे आता दर सकाळी हलतो दुपारी हलतो. मिल बंद ठेवणं महाग पडतं म्हणून तोट्यात पण चालवतात, त्यात चीनमधलं बांधकाम क्षेत्र 2021 नंतर बसलं, म्हणजे लिफ्ट, रेलिंग, किचनची उपकरणं, पाण्याच्या टाक्या ही देशातली मागणी ढिली पडली आणि उरलेला माल बाहेर निघाला. खाणीपासून कॉइलपर्यंत सगळं स्वतःचं असलेला टिकतो कारण तो कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर कमावतो. फक्त रोलिंग करणारा दोन्हीकडून चेपला जातो. आणि इंडोनेशियाचं सरकार पण गप्प बसलेलं नाहीये, खाणींना वर्षाचा कोटा मंजूर करताना हात आखडता घेतला की खनिज महाग होतं, 2024 मध्ये तर तिथल्या भट्ट्यांना फिलिपाईन्समधून खनिज आणावं लागलं. 2025 मध्ये रॉयल्टी पण वाढवली. म्हणजे दर कधी वर गेलाच तर मागणीने नाही, जकार्तातल्या एखाद्या निर्णयाने जाण्याची शक्यता जास्त.

इथे मार्च 2022 सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 8 मार्चला लंडनला निकेल काही तासांत 1,00,000 डॉलरच्या वर गेलं. एक्स्चेंजने ट्रेडिंग थांबवलं आणि त्या दिवसाचे सौदे चक्क रद्द केले, आठवडाभर बाजार बंद. मूळ कारण असं की त्सिंगशानने मोठी शॉर्ट पोझिशन घेतली होती, म्हणजे दर पडेल या हिशोबाने आधीच विकून ठेवलेलं, आणि रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर दर उलटा उडाला. पण यातला धडा वेगळाय. त्सिंगशानकडे निकेल नव्हतं का? डोंगरभर होतं. पण ते एनपीआय होतं, आणि एक्स्चेंजला द्यायला लागतं 99.8 टक्के शुद्ध. म्हणजे जे बनवता ते एक आणि ज्याचा सौदा करता ते दुसरंच. तुम्ही जर स्टेनलेसची खरेदी लंडनच्या निकेलवर हेज करत असाल (दर बदलाच्या धोक्यापासून वाचायला तिथे उलटा सौदा करून ठेवत असाल) तर हाच खड्डा तुमच्यासाठी पण आहे, लहान आकारात. एनपीआयचा दर आणि लंडनचा दर सोबत चालतात असं वर्षानुवर्षं वाटतं आणि मग एके दिवशी चालत नाहीत.

या स्वस्त निकेलने बाकी खाणवाल्यांची वाट लावली. बीएचपीने ऑस्ट्रेलियातला निकेल वेस्ट 2024 मध्ये थांबवला, न्यू कॅलेडोनियात कोनियाम्बोची भट्टी त्याच वर्षी थंड पडली. बॅटरीवाले निकेल उचलतील आणि दर वर राहील असं सगळ्यांचं गणित होतं, पण इंडोनेशियाने पुरवठा त्यापेक्षा वेगाने वाढवला, आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या निकेल नसलेल्या लोह-फॉस्फेट बॅटरीवर गेल्या. अजूनही खाणीतलं दोन तृतीयांशाच्या आसपास निकेल स्टेनलेसमध्येच जातं.

क्रोमियमबद्दल लोक कमी बोलतात आणि हे मला कधीच पटलं नाही, कारण क्रोमियम नसेल तर ते स्टेनलेसच नाही. किमान 10.5 टक्के लागतं, तेव्हाच पृष्ठभागावर ऑक्साइडचा तो अदृश्य थर बसतो जो ओरखडा आला तरी आपोआप भरून निघतो. क्रोमाइटमध्ये (क्रोमियमचं खनिज) दक्षिण आफ्रिका पहिली, मग कझाकस्तान, तुर्की, भारत, आणि फिनलंडमध्ये केमीची खाण. एकेकाळी दक्षिण आफ्रिका फेरोक्रोम बनवून विकायची. तिथे वीज महागली, तुटायला लागली, एकेक भट्टी बंद पडली आणि आता ते खनिजच जहाजात भरून चीनला पाठवतात, फेरोक्रोम तिकडे बनतं. इंडोनेशियाची उलटी गोष्ट. एकाने खनिज अडवून कारखाने आणले, दुसऱ्याकडे खनिज होतं पण वीज नव्हती म्हणून कारखाने गेले.

आता ड्युट्या. हे सगळं वरातीमागून घोडं आहे असं माझं मत. अमेरिकेने मार्च 2018 मध्ये कलम 232 खाली पोलादावर 25 टक्के लावले, जून 2025 मध्ये ते 50 केले. अमेरिकेची दारं बंद झाली की माल युरोपकडे वळणार हे ओळखून युरोपियन युनियनने 2018 मध्येच सेफगार्ड कोटे (आयातीच्या मर्यादा) आणले, कोट्याबाहेर 25 टक्के, ही मुदत जून 2026 पर्यंतची. ऑक्टोबर 2025 मध्ये युरोपियन कमिशनने त्याच्या जागी कोटे जवळपास निम्मे आणि कोट्याबाहेर 50 टक्के असा प्रस्ताव मांडला. त्याशिवाय अँटी डंपिंग (अवाजवी स्वस्त विकलेल्या मालावरची ड्युटी) वेगळं: चीन आणि तैवानच्या कोल्ड रोल्डवर 2015 मध्ये, चीन, इंडोनेशिया, तैवानच्या हॉट रोल्डवर 2020 मध्ये, भारत आणि इंडोनेशियाच्या कोल्ड रोल्डवर 2021 मध्ये. प्रत्येक वेळी एक भोक बुजवलं की माल दुसऱ्या भोकातून.

2022 च्या मार्चमध्ये मात्र स्टेनलेसपुरतं खरंच नवीन काहीतरी झालं. युरोपने इंडोनेशियाच्या मालावर सबसिडीविरोधी ड्युटी लावताना दोन गोष्टी मोजल्या, एक म्हणजे चीन सरकारकडून मिळालेला पैसा पण इंडोनेशियाचीच सबसिडी धरली, आणि दुसरं, खनिजाच्या निर्यातबंदीमुळे तिथल्या मिलला खनिज स्वस्त मिळतं हे पण सबसिडीत धरलं. म्हणजे ड्युटीचं गणित शीटवरून मागे सरकत सरकत थेट खाणीपर्यंत गेलं. मग 2024 मध्ये तैवान, तुर्की आणि व्हिएतनाममधून फिरवून येणारा इंडोनेशियन मूळचा माल पण त्याच ड्युटीखाली घेतला. सुरुवातीला मी म्हणालो ना की कुठे वितळवलं ते बघा, कायदा पण आता तिथेच पोचतोय. कोल्ड रोलिंग कुठे झालं यावरून मूळ देश ठरवायचे दिवस संपत आलेत.

कार्बनचं पण असंच. युरोपचा सीबॅम (आयात मालावरचा कार्बन कर) ऑक्टोबर 2023 पासून नुसत्या रिपोर्टिंगचा होता, 1 जानेवारी 2026 पासून पैसे मोजायचा. स्क्रॅपमधून बनवलेलं स्टेनलेस आणि कोळशाच्या विजेवरच्या एनपीआयमधून बनवलेलं स्टेनलेस यांच्या एका टनामागच्या कार्बनमध्ये काही पटींचा फरक असतो. दोन शीट शेजारी ठेवल्या तर डोळ्याला, स्पेक्ट्रोमीटरला, कशालाच फरक कळणार नाही. पण इथे एक पळवाट आहे जी बरेच जण विसरतात: सीबॅम पोलादासाठी थेट उत्सर्जनच मोजतो, विजेसाठी जाळलेला कोळसा त्यात धरलेला नाही. आणि एनपीआयचा बराचसा काळेपणा विजेतूनच येतो. त्यामुळे सीबॅमने इंडोनेशियन माल एकदम महाग होईल असं कोणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.

स्क्रॅपमध्ये युरोप आणि अमेरिका पुढे आहेत, तिथल्या भट्टीत बहुतेक स्क्रॅपच असतं. चीनमध्ये कमी, कारण तिथलं स्टेनलेस अजून वापरातच आहे. ही वस्तू लवकर मरत नाही ना. मेक्सिकोत युकाटानला प्रोग्रेसोचा धक्का आहे, 1941 च्या सुमाराला स्टेनलेसच्या सळया घालून बांधला, समुद्रात उभा, आजही तसाच. आज बसवलेल्या टाकीचं स्क्रॅप तीस चाळीस वर्षांनी हातात येणार, आणि तीस वर्षांपूर्वी जगात आजच्या पावपट माल बनत होता. म्हणून "सगळं स्क्रॅपमधून बनवा" हे गणित आज बसतच नाही, स्क्रॅप आणायचं कुठून.

ग्रेडबद्दल थोडं, कारण टनेजमध्ये ग्रेड लपतो. निम्म्याहून थोडा जास्त माल 300 सिरीजचा (304, 316 याच घरातले), उरलेल्यात 200 आणि 400 (जवळपास बिननिकेलचं), ड्युप्लेक्स नावाचा प्रकार जेमतेम टक्काभर. 200 सिरीज म्हणजे निकेल कमी करून मँगनीज घातलेलं, निकेलच्या टंचाईतून जन्माला आलेलं. चांगल्या मिलचं 201 योग्य जागी वापरलं तर काही वाईट नाही. वाईट हे की त्याची विक्री 304 म्हणून होते. चुंबक लावून बघा म्हणतात, तो सल्ला निरुपयोगी आहे, 201 ला पण चुंबक चिकटत नाही आणि उलट जास्त वाकवलेल्या 304 ला थोडा चिकटतो, आणि 400 सिरीजच्या 430 ला कडक चिकटतो तरी ते खरं स्टेनलेसच. एका गिऱ्हाइकाने चुंबक लावून माझं शंभर टक्के खरं 304 परत पाठवलं होतं, खोल दाबलेल्या भांड्यांच्या कडा होत्या त्या! मँगनीज बघायचं, दोनच्या पुढे असेल तर ते 304 नाही, संपलं.

खपाच्या बाजूला सगळ्यात मोठा वाटा घरगुती वस्तू आणि धातूच्या सामानाचा, एक तृतीयांशाहून जास्त. मग यंत्रसामग्री, मग बांधकाम आणि वाहनं. वाहनांत बदल येतोय तो नीट समजून घ्या. पेट्रोल-डिझेल गाडीचा सायलेन्सर आणि एक्झॉस्ट म्हणजे 400 सिरीजच्या 409 आणि त्याच्या भावंडांचं मोठं गिऱ्हाईक. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही. गाडीमागे कितीतरी किलो फेरिटिक (म्हणजे हेच 409, 430 सारखं) कमी. हायब्रिड टिकल्या तर थोडी उसंत मिळेल, पण फक्त 400 सिरीजवर जगणाऱ्या मिलला ही काळजीच आहे. टेस्लाच्या सायबरट्रकची बाहेरची बॉडी स्टेनलेसची, स्पेसएक्सचं स्टारशिप पण स्टेनलेसचं, याची चर्चा खूप झाली पण टनात मोजायला गेलात तर किरकोळ. वाढ आहे ती समुद्राचं पाणी गोडं करणारे प्लांट, एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) टाक्या आणि पाइप, औषधांचे कारखाने, चिप बनवणारे कारखाने यांच्यात. हायड्रोजनच्या प्रकल्पांच्या घोषणा खूप झाल्या, पाइप फार कमी टाकले गेले, मी त्यावर अजून ऑर्डर टाकणार नाही. आणि भारत, जो 2016 मध्ये जपानला मागे टाकून उत्पादनात दुसरा झाला होता, तिथला दरडोई खप जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, तिथून वाढ येईल हे मला जास्त पटतं.

बाकी खरेदी करणाऱ्याला रोजच्या कामाचं: टेस्ट सर्टिफिकेटवर रोलिंग करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं, वितळवलं कुठे ते बऱ्याचदा नसतंच. ऑर्डर देतानाच मेल्टचा देश आणि हीट नंबर (वितळवलेल्या बॅचचा नंबर) लेखी मागा, माल बंदरात उभा असताना नाही. आमच्या एका व्यवहारात विक्रेता तीन आठवडे "कळवतो कळवतो" करत राहिला आणि शेवटी जे कळलं त्यावरून पूर्ण कंटेनरवर ड्युटी बसली, भरली आम्ही, कारण करारात तो रकानाच नव्हता. आता आमच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये तो रकाना ग्रेडच्याही वर असतो.